बायोलॉजीच्या पेपराला आलेली जोडवी

नोकरीतलं बाकी लई काय काय इसरलं, पण त्यो बायोलॉजीचा पेपर अजून डोळ्यापुढनं हालत न्हाय. नावं कुणाचीच सांगणार न्हाय, कालेजाचं न्हाय, ठाण्याचं न्हाय, साहेबांचं तर न्हायच न्हाय. गोष्ट एवढीच, की एक बाळंतीण पोरगी त्या दिवशी गुन्हेगार ठरणार हुती, आन् ज्यांनी तिला त्या बाकावर बसीवलं ती माणसं घरला जाऊन जेवणार हुती. तिचं काय करायचं ते आमच्या हातात हुतं. आमच्या म्हंजे माझ्या बी, आन् तेच मला झेपत न्हवतं.

मी तवा खात्यात नवी. मालक पोलिसात हुते, ड्युटीवरच गेले, त्यांच्या जागी मला घेतलं. शिक्षण म्हणशीला तर दहावी, ती बी काठावर. घरात अंगावर पिणारं पोरगं, त्याला शेजारच्या मावशीकडं टाकायचं आन् वर्दी चढवून पळायचं. साहेबांनी नुसती हाक मारली तरी मी आधी टोपी सरळ करायची, मग व्हय म्हणायची. पुढं सहाय्यक फौजदार हून रिटायर झाले, पण तवा मला कुणी पोलीस म्हणलं तर मीच मागं वळून बघायची, कोण आलं म्हणून.

आताच्या पोरांना सांगून पटत न्हाय, पण तवा डाक्टरकीला येगळी परीक्षा न्हवती. बोर्डाच्या बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत जे पडलं तेच खरं. तिन्हीची बेरीज करायची, यादी लागायची, आन् एका मार्कानं एकाचं पोरगं डाक्टर व्हायचं आन् दुसऱ्याचं घरात तोंड लपवून बसायचं. म्हणून मार्च आला की कोल्हापुरात पोरगं एकटं परीक्षेला बसायचं न्हाय, अख्खं घरदार बसायचं. मामा कंपाउंडच्या भिताडावर, चुलता खिडकीखाली, आई देवापुढं.

आन् मधी आम्ही. नुसता वैताग. केमिस्ट्रीच्या पेपराला एक चांगला जाणता माणूस, फेटाबिटा बांधलेला, कालेजाच्या पाइपला धरून वर चढाय लागलेला. आमचे जुने हवालदार खालनं म्हणाले, "काय पावणं, वर काय काम काढलं?"

"माकडं हाकलाय आलतो," म्हणतोय.

"खाली या आधी, मग मोजू माकडं किती ते."

खिशात सगळी केमिस्ट्री. बारीक अक्षरात. त्या माणसाला सही कराय सांगितली तर अंगठा पुढं केला. आता ह्याला काय म्हणायचं?

माझं काम पोरींची झडती. दप्तरं बाहेर, चपला काढायच्या, बाह्या बघायच्या. मोज्यांपत्तूर तवर कुणी गेलं न्हवतं. पोरी थरथरायच्या, आन् मी त्यांच्यापेक्षा जास्त. उगं एखाद्या गरिबाच्या पोरीवर आळ आला आन् तिचं वर्ष गेलं तर तळतळाट कुणाला लागणार?

बायोलॉजीच्या पेपरादिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बाईमाणसाचा आवाज. अमुक कालेजात एक पोरगी दुसरीच्या नावावर पेपर लिहायलीया, पहिल्या पेपरापासनं लिहायलीया. कुठली पोरगी, नाव काय, इचारलं तर फोन ठेवला. ठाणे अंमलदारानं डायरीला नोंद केली आन् साहेबांना सांगितलं. साहेब कपाळ धरून बसले.

"एवढ्या पोरी. त्यातली कुठली म्हणून धरायची? सांगायचं तर नीट सांगावं की! अर्धवट माहिती द्यायची आन् पोलिसांना नाचवायचं."

हालतिकिटावर फोटो असायचा, पण कसला? काळाढुस्स, त्यावर कालेजाचा शिक्का. त्या फोटोत मी बी खपले असते. साहेब मला म्हणाले, "बाई, आज झडती नीट घ्या. आरडाओरडा न्हाय. काय वावगं दिसलं तर मला सांगायचं, पोरीला न्हाय."

मी व्हय म्हणले. काय वावगं दिसणार हे मला कुठं ठाऊक?

पोरी ओळीनं आल्या. मार्चातलं ऊन, अंगाची काहिली, सगळ्या चपलांवर. एकच पोरगी पायात कापडी बूट आन् वर पांढरे मोजे घालून आलेली. दोन वेण्या, कपाळाला टिकली, युनिफॉर्मचा पंजाबी ड्रेस. परीक्षेचं पॅड छातीशी असं गच्च धरलेलं, की जसं कुणी हिसकून घेणार हाय.

"बूट काढ. मोजं बी."

"ताई, चिखल्या झाल्यात पायाला. वास येतोय."

"येऊ दे. दिवसभर मी तेच हुंगते. काढ."

"ताई, पेपराला उशीर हुतोय वो."

"बोलण्यात जास्त हुतोय. काढ म्हणते न्हवं!"

माझा आवाज चढला तशी तीच घाबरली, आन् तिला बघून मी. तिनं खाली बसून हळूहळू मोजं काढलं. चिखल्या कुठल्या? पाय चांगले स्वच्छ, आन् दोन्ही पायांच्या बोटांत चांदीची जोडवी. चांगली झिजलेली. हालतिकिटावर नाव बघितलं तर पुढं कुमारी.

मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. तिनं मोजं परत चढवलं. "जा," म्हणले आन् धावतच साहेबांकडं गेले, बोलता बोलता धाप लागली.

साहेब आधी माझ्यावरच तापले. "लगीन झालेल्या पोरी बारावी देत न्हाईत व्हय? फॉर्म भरला तवा कुमारी असंल, नंतर लगीन लागलं असंल. जोडवी घालणं हा काय गुन्हा हाय?"

"न्हाय साहेब. पण मग झाकायची कशाला?"

केंद्राचे मुख्य सर हुते, ते म्हणाले, आत्ताच उठवून बाहेर काढा, माझ्या केंद्राचं नाव खराब व्हायला नको. साहेब म्हणाले, "आन् ती खरीच तीच निघाली तर? बायोलॉजीचा पेपर हाय सर. ह्यात शून्य पडलं तर पोरगी डाक्टरकीतनं गेली. ते मार्क मी माझ्या खिशातनं देऊ? लिहू द्या पुरा. मग बघू." ती नोकरीतली पहिली गोष्ट मी शिकले, की संशय आला म्हणून लगीच झडप घालायची न्हाय, माणूस कुठं पळून जातंय का तेवढं बघायचं.

पळून कुठं जाणार? मी खिडकीतनं बघत हुते. ती पोरगी मान वर न करता लिहीत हुती. बाकीच्या पोरी पेन चावायल्या, छताकडं बघायल्या, आन् ही पुरवणीवर पुरवणी मागायली. चित्रं काढायली, बाण दावायली. मला त्यातलं काय कळत न्हाय, पण रांगोळी काढताना बाईचं तोंड जसं हुतं तसं तिचं तोंड झालतं. आन् गेटाबाहेर झाडाखाली एक थोराड बाई तान्हं पोर घेऊन बसलेली. ते पोर रडून रडून निळं पडायलेलं. माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाय, मी जाऊन म्हणले, "मावशी, ह्याची आई कुठं हाय?"

"गावाकडं हाय, गगनबावड्याला. मी लेकीच्या पेपराला आलीया. तू तुझं काम कर की पोरी."

एवढ्या तान्ह्याला आईवाचून गगनबावड्याकडनं एस्टीनं आणायचं, ते बी लेकीच्या पेपराला? मला राग आला, पण डोस्क्यात उजेड न्हाय पडला.

पेपर संपला. उत्तरपत्रिका सरांसमोर सीलबंद केली, पोरीला ठाण्यात आणलं. बाईमाणूस म्हणून मी शेजारी बसले. साहेबांनी इचारलं, नाव काय? तिनं हालतिकिटावरचं सांगितलं. जन्मतारीख? बरोबर. बापाचं नाव, गाव, दहावीची शाळा, सगळं पाठ. जोडवी कसली? म्हणाली, "गुपचूप लगीन केलंय साहेब. घरात ठाऊक न्हाय. म्हणून झाकली." डोळ्यात पाणी बी आणलं. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की माझी बदली गडचिरोलीला झाली म्हणून समजा.

तेवढ्यात ती झाडाखालची बाई पोर घेऊन ठाण्यात घुसली. "माझ्या लेकीला कशाला धरलंय? बघते, कुठल्या पोलिसाच्या घरचं दूध आमच्या डेरीत घेत्यात ते!" म्हणजे डेरीचं चेअरमनपद घरात, हे तिनं पहिल्याच वाक्यात कळवलं. पोराच्या तोंडात बाटली कोंबायली, ते थुंकून टाकायलं. आन् त्याचा आवाज आला तशी ही बाकावरची पोरगी ताठ झाली. पॅड कधीच काढून घेतलतं आम्ही. ती दोन्ही हात छातीवर आवळून धराय लागली, वाकली, ओढणी ओढली. पण कापड भिजलं ते भिजलंच.

मला कुणी सांगाय नको हुतं. माझं पोरगं रडलं की माझं बी तेच व्हायचं, बंदोबस्तात उभी असताना सुद्दा. कुणी आवरू म्हणून आवरत न्हाय ते.

मी उठले, त्या थोराड बाईच्या हातातनं पोर घेतलं आन् हिच्या मांडीवर ठेवलं. "आधी पाज," म्हणले, "खोटं मग बोल." साहेबांनी खुर्ची वळवली आन् सगळ्या पुरुष माणसांना बाहेर काढलं. ते पोर असं लुचाय लागलं, की ठाण्यात दुसरा आवाज न्हाय. पोरगी रडत हुती, आता खरी.

मग सगळं निघालं. ती त्या बाईची लेक न्हवतीच, सून हुती. आन् सून म्हंजे सख्ख्या भावाची पोरगी, शाहूवाडीकडची. मामाची पोरगी केलेली. त्यामुळं नणंद-भावजय आते-मामे बहिणी, तोंडवळा एकच, फोटोला काय बी अडचण न्हाय. ही सून दोन वर्सामागं बारावीला तालुक्यात पहिली आलती. डाक्टरकीला लागतील एवढे मार्क. आत्याबाई म्हणाल्या, माझ्या घरात दे, मी शिकवते. बापानं लगीन लावून दिलं. यादीत नाव लागलेलं कालेज तसंच ऱ्हायलं आन् पोरगी शेणाच्या पाट्या उचलाय लागली. आन् आता सासूच्या सख्ख्या लेकीला डाक्टर करायचं ठरलं. तिला काय ते फिजिक्स झेपत न्हवतं, कालेजाच्या परीक्षेत सारखी आपटायची.

आता मोठी अडचण पुढंच हुती. पोरगीचा नवरा आला, संगं गावातला एक पुढारी. पांढरी टोपी, त्वांड पानानं रंगलेलं. म्हणाला, "साहेब, ह्यात घरच्यांचा काय संबंध न्हाय. हिनंच परस्पर केलंय. शिकायची हौस दांडगी, पेपर बघितला की हिला ऱ्हावत न्हाय."

"पेपर म्हंजे काय भेळ हाय?" साहेब म्हणाले. नवरा खाली मान घालून उभा. त्याच्या बायकूवर गुन्हा ढकलायले, आन् हा फरशीवरच्या मुंग्या बघतोय.

मी पोरगीला आत नेलं. "खरं सांग. कुणी बसीवलं?"

"माझंच डोकं ताई. तसंच लिवा."

"अगं येडी हायस का? तोतयेगिरी, फसवणूक, परीक्षेतला गैरप्रकार, सगळी कलमं तुझ्या एकटीवर बसतील!"

"मी आत्याचं नाव घेतलं तर हे लेकरू ठेवून घेतील. मला म्हायेरला हाकलतील. तुमी करताय काय तवा? येताय व्हय भांडाय?"

ती माझ्याहून लहान, माझ्याहून दसपट शिकलेली, आन् हिशेब एवढा पक्का केलेला. मला तिचा राग आला, सासूचा आला, तिच्या बापाचा सगळ्यात जास्त आला. बाहेर साहेब जबाब लिहून घ्यायची तयारी करायलेले. चहावाला आन् झेरॉक्सवाला पंच म्हणून बोलावून बसीवलेले. एकदा का तिनं "माझंच डोकं" म्हणून सही केली की संपलं.

खोलीच्या दारात सासू उभी हुती, कमरेवर हात देऊन. का कोण जाणे, माझ्या तोंडातनं निघून गेलं. भीतीनं का रागानं, ते अजून कळलं न्हाय.

"मावशी, खरं हाय व्हय पुढारी म्हणतात ते? तुमच्या घरात सुनंचंच चालतंय म्हणा की सगळं."

"काय म्हणलीस?"

"न्हाय, सुनंनं ठरवलं, सुनंनं युनिफॉर्म घातला, सुनंनं पोर तुमच्या हातात दिलं आन् तुमी आपलं निमूट झाडाखाली बसला. बरी हाय बाई तुमची सासुरकी."

पुढारी मागनं "अहो मावशी, अहो मावशी" करत आला, पण उशीर झालता.

"हिची काय छाती हाय ठरवायची?" ती बाई अशी गरजली की शेजारच्या खोलीतला वायरलेसवाला बाहेर आला. "माझ्या घरात माझ्या शब्दाबगर चूल पेटत न्हाय! मी बसीवलं! मी वेण्या घातल्या! मंगळसूत्र मी कमरेला गुंडाळलं तिच्या! जोडवी काढते म्हणत हुती, ती बी मीच न्हाय काढू दिली, माझा ल्योक जिता हाय अजून! हिचं चाललं असतं तर आज ती जोडवी दिसली असती व्हय तुला?"

चहावाल्या पंचाचा हात कपाळाला गेला.

साहेब उठून आले, एकदम मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, पण असं का केलं तुमी?"

"का म्हंजे? डोकं हाय तिला. घरात हाय ते वाया का घालवायचं? म्हशीचं दूध आपल्या घरात कुणी बी प्यालं तर काय चोरी हुतीया? लग्नात आमी कुठं काय मागितलं हिच्या बापाला? घरचे मार्क हायत, घरातल्या पोरीला लावले. भायेरच्या कुणाचं काय गेलं?"

बाईला खरंच कळत न्हवतं, आपण काय बोलतोय ते. सरकारला भ्याली न्हाय, बोर्डाला भ्याली न्हाय, पण सुनंच्या पायातली जोडवी काढायला भ्याली. जोडवी तिथं नसती तर आम्ही आयुष्यात पकडू शकलो नसतो.

साहेबांनी तिचं बोलणं पंचांसमोर तसंच्या तसं लिहून घेतलं. ते ऐकल्यावर सुनंला बोलायला भाग पडलं, आता झाकायला काय शिल्लकच न्हवतं. गुन्ह्यात सासू आली, नवरा आला, हालतिकीट वापराय दिलं म्हणून नणंद आली. सुनंचं नाव बी आलं, कायदा हाय, ते टाळता येत न्हाय. पण दबावाखाली बसवलं असं साहेबांनी कागदावर आणलं आन् पुढं कोर्टानं तिला सोडलं. साहेबांनी तिच्या बापाला शाहूवाडीहून बोलावून घेतलं आन् सगळ्यांदेखत सांगितलं, पोर आईसंगंच जाईल, अंगावर पितंय, कुणी आडवं आलं तर त्यालाबी आत घालतो. बाप लई बारीक तोंड करून उभा हुता. मी त्याला एक शब्द बोलले न्हाय. बोलले असते तर वर्दी गेली असती.

नणंद दुसऱ्या दिवशी ठाण्यात आलती जबाबाला. साधी पोरगी. म्हणाली, "मला डाक्टर व्हायचंच न्हवतं वो. मला बायोलॉजीत बेडकाकडं बघवत न्हाय." आन् जाताना हळूच इचारलं, "फोन केला त्याच्यावर काय गुन्हा असतोय का?" मी तिच्याकडं बघितलं आन् म्हणले, कसला फोन, मला काय ठाऊक न्हाय. जा घरला.

ह्या खात्यात लई चोर बघितले. सायकल चोर, दागिने चोर, उसाचा काटा मारणारे. चोराला ठाऊक असतंय, आपण चोरी केली म्हणून, त्यामुळं त्याला बोलतं करता येतं, तो कुठंतरी शरमतोय. घरातल्या माणसाचं ज्यांनी घेतलं त्यांना शरम न्हाय. त्यांना ते आपलंच वाटतंय. कुठल्याबी घरगुती गुन्ह्यात मी पुढं हेच आधी बघायची, की समोरचा कशाला आपलं म्हणतोय. तिथंच तो चुकतोय आन् तिथंच तो गर्जून बोलतोय. आन् दुसरं, मार्कांचं. लोकं म्हणायची मार्क म्हंजे पोरांच्या अकलेचं माप. मी म्हणते, ते माप ज्याचं त्याच्याकडं ऱ्हायलं तर. हितं मार्क पडले एकीला, सीट पायजे दुसरीला, मान पायजे तिसरीला. बोर्डानं कितीबी सील मारू दे.

ती पोरगी कोर्टाच्या एका तारखेला मला भेटली. पोर काखेत, आता चालाय लागलेलं. बरी दिसत हुती. माझ्याकडं आली आन् जरा लाजतच म्हणाली,

"ताई, एक इचारू? माझा त्यो बायोलॉजीचा पेपर कुणी तपासला का?"

मी म्हणले, "अगं, त्यो मुद्देमाल हाय. सील करून ठेवलाय. त्यो कोण तपासतंय?"

"न्हाय, तसं न्हवं," ती म्हणाली. "लई चांगला गेलता."

मी साहेबांना इचारलं बी. ते म्हणाले, बाई, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं, पुराव्याला मार्क देत्यात व्हय कोण? खरं हाय त्यांचं. मी परत जाऊन तिला सांगितलं, कुणी न्हाय तपासला. तिनं मान हालवली, पोराला खाली उतरवलं आन् त्याचं बोट धरून एस्टी स्टँडाकडं चालाय लागली.